पाच पैशांचं तिकीट आणि दुसरा हात

(तलासरीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यात जसं आलं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय, ‘लढाईत सापडलेल्या देशाला सरकारची मदत’. विषय मोठा आणि माणूस लहान. मी दहावी पास. गोदीत कंत्राटी कामगार. कविता लिहितो ती रात्री, म्हणजे अंगात जीव उरला तर. परराष्ट्र धोरणावर बोलायला दिल्लीत विद्वानांची रांग लागलेली असते. पण मदत नावाची वस्तू विद्वानांच्या डोक्यावरून जात नाही. ती पोत्यातून जाते, खोक्यातून जाते. पोतं कोणीतरी भरतो, कोणीतरी उचलतो, कोणीतरी त्याचे पैसे भरतो. हे तिघंही आपल्यातले. म्हणून बोलतो.

मदतीचं नाव निघालं की दोन तऱ्हेची बडबड ऐकू येते. पहिली टीव्हीवरची. विमानाच्या पोटात खोकी चढताना दाखवायची, खोक्यावर झेंडा, मागे बँड, ‘बघा आपला देश किती दानशूर’. दुसरी बडबड आपल्या नाक्यावरची. ‘आपली पोरं उपाशी मरतात आणि यांना दुसऱ्याचा पुळका.’ पहिलीला मी उत्तर देणार नाही, ती विकत घेतलेली आहे. दुसरीला देणार. ती उपाशी माणसाच्या तोंडून येते आणि उपाशी माणसाला उत्तर मागायचा हक्क आहे. या जिल्ह्याला तर आहेच. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं शंभरावर मुलं गेली. तेव्हा ठाणे जिल्हा होता, २०१४ मध्ये पालघर झाला. पाटी बदलली, पोटं तीच. ज्या मातीत इतकी लेकरं पुरली त्या मातीत उभं राहून परक्याला मदत द्या म्हणणं सोपं नाही. तरी म्हणणार आहे. पण आधी हिशोब मांडू.

१९७१ घ्या. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यात आपल्याच माणसांवर तुटून पडलं. पूर्व बंगालची माणसं भारताच्या हद्दीकडे चालू लागली. डोक्यावर गाठोडं, पाठीवर म्हातारी, हातात पोर. वर्ष संपेपर्यंत आकडा एक कोटीच्या आसपास गेला. एक कोटी! आठशेच्या वर छावण्या उभ्या राहिल्या. बाहेरच्या देशांनी थोडं दिलं, बराचसा बोजा भारताच्या तिजोरीवर पडला. ३ डिसेंबरला उघड युद्ध लागलं. ६ डिसेंबरला भारतानं बांगलादेशाला मान्यता दिली. तारीख बघा. त्या दिवशी आपली माणसं चैत्यभूमीवर होती. १६ डिसेंबरला ढाका पडलं.

आता तिजोरी म्हणजे काय? तिजोरीत पैसा आकाशातून पडतो का? १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारनं टपालावर पाच पैशांचा निर्वासित कर लावला. घाई इतकी की नवं तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच निर्वासित-मदतीचा शिक्का मारला. मागाहून निर्वासितांचं चित्र असलेलं तिकीट आलं. आपल्या नाशिकच्या छापखान्यातलं. रेल्वेच्या तिकिटावर कर बसला, देशातल्या विमानाच्या तिकिटावर बसला. विमानातल्या माणसाला तो मुंगी चावल्यासारखा लागला असेल. पण पाच पैसे सगळ्यांना सारखेच. गिरणीमालकाच्या पाकिटावर पाच पैसे आणि गावाकडं मनिऑर्डरीची वाट बघणाऱ्या बायकोला गिरणी कामगारानं लिहिलेल्या पाकिटावरही पाच पैसे. याला म्हणतात समता! राज्यघटनेतली समता वस्तीपर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतात. कराची समता एका वटहुकुमात दारात हजर.

पुढं ऐका. १९७२ च्या मार्चपर्यंत बहुतेक निर्वासित आपल्या मुलखात परत गेले. पाच पैशांचा कर राहिला ३१ मार्च १९७३ पर्यंत. ते वर्ष महाराष्ट्राला विचारा. बहात्तरचा दुष्काळ. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला होती. हातोडा तिच्या मनगटात शेवटपर्यंत राहिला, म्हणजे मनगट तसंच वाकडं राहिलं. ती सांगायची, सुकडी मिळायची, लाल मिलो मिळायची. मिलो अमेरिकेची. खाल्ली की पोटात दगड बसल्यासारखं व्हायचं, पण खाल्ली. म्हणजे बघा, त्याच काळात हा देश एका हातानं देत होता आणि दुसऱ्या हातानं घेत होता. आणि दोन्ही वेळेला वाकलेलं मनगट एकच होतं.

मग नाक्यावरच्या माणसाचं खरं का? द्यायला नको होतं का?

दोस्तहो, ते निर्वासित कोण होते ते विचारलंय का कधी? आपल्याला शाळेत शिकवतात, ‘निर्वासितांचे लोंढे’. लोंढ्याला जात नसते. माणसाला असते. त्या गर्दीत खुलना, जेसोर, बारिसाल, फरीदपूरचे नमोशूद्र होते. भातशेती करणारे, मासे मारणारे, होड्या वल्हवणारे. आता १९४६ आठवा. घटना समितीत बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून वाट मिळाली नाही. काँग्रेसनं दारं लावून घेतली होती. तेव्हा बंगालच्या विधिमंडळातून ते निवडून आले. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांनी जिवावर उदार होऊन ती निवडणूक लढवली. मंडल कोणाचे? त्याच नमोशूद्रांचे. म्हणजे आपल्या बापाला घटना समितीच्या दारातून आत नेणारी माणसं ती. फाळणी झाली आणि त्यांचे जिल्हे पाकिस्तानात गेले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. मागं राहिलेली माणसं मार खात राहिली. २० मे १९७१ ला खुलना जिल्ह्यातल्या चुकनगरला हद्दीकडं निघालेल्या हजारोंची गर्दी थांबली होती. पाकिस्तानी सैनिकांनी तिथं गोळ्या घातल्या. नदी लाल झाली.

आता सांगा, त्यांच्यासाठी पाच पैसे जास्त होते का? माझी आजी अडाणी होती, पण तिला हे कोणी सांगितलं असतं तर तिनं सुकडीतली अर्धी काढून दिली असती. तिला कोणी सांगितलंच नाही. कर घेताना सरकार पावती देतं, पण कोणासाठी घेतो ते सांगत नाही. आणि न सांगितलेल्या कराचाच पुढं राग होतो. तो राग सरकारवर जात नाही, निर्वासितावर जातो. हेच तर पाहिजे असतं त्यांना. उपाशी माणसानं उपाशी माणसाचं ताट मोजत बसावं.

आणखी एक सांगतो. जून १९७१. बनगावच्या छावणीत कॉलरा. जमिनीवर, उलटीत, हगवणीत माणसं पडलेली. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस नावाचा डॉक्टर होता. त्यानं मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपात भरला आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजा. मरणाचं प्रमाण शंभरात तिसाच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. त्याआधी जगातले मोठे डॉक्टर म्हणत होते, अडाणी माणसाच्या हाती असं औषध देता येणार नाही. छावणीतल्या अडाणी आयांनी ते देऊन दाखवलं. २०२२ मध्ये हा डॉक्टर वारला. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मेल्यावर.

आज तुमच्या पाड्यावर पावसाळ्यात पोराला हगवण लागली की आशाताई पिशवीतून पुडी काढते. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात पुडी. ती पुडी तीच. ओआरएस. औषधाचा शोध त्याआधी लागला होता, पण फाटक्या माणसांच्या गर्दीत ते चालतं हे बनगावनं सिद्ध केलं. म्हणून नाक्यावरच्या भावाला माझं पहिलं उत्तर हे आहे. छावणीत दिलेली मदत छावणीतच संपत नाही. निर्वासिताच्या पोरावर जे शिकलो त्यानं तलासरीचं पोर वाचतं. गरिबाला दिलेलं गरिबाकडे फिरून येतं. अट एकच, मध्ये कोणी गिळता कामा नये.

आता दुसऱ्या हाताकडे या.

१९७१ मध्ये अमेरिकेचं सरकार भारतातल्या छावण्यांना पैसा आणि धान्य देत होतं. बाहेरच्या देशांत त्यांचा वाटा मोठा होता. आणि तेच सरकार पाकिस्तानी लष्कराला जाणारा लढाईचा माल पुरता थांबवत नव्हतं. एका हातात पीठ, दुसऱ्या हातात काडतूस. आधी घर पेटवायला रॉकेल पुरवायचं, मग जळालेल्याला मलम द्यायचं, आणि दोन्हींवर आपला झेंडा. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मोठा गाण्याचा कार्यक्रम केला. लोकांनी दिलं. त्याच्या रेकॉर्डचा आणि सिनेमाचा बराचसा पैसा तिथल्या कर खात्याच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकून पडला. काडतुसाची बोट मात्र वेळेवर सुटत होती.

सगळ्या सुटल्या नाहीत. हे मला गोदीतला माणूस म्हणून अभिमानानं सांगायचंय. १९७१ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या बंदरात अल अहमदी नावाची पाकिस्तानी बोट आली. धक्क्यावर काही माणसं फलक घेऊन उभी राहिली, पाण्यात छोट्या होड्या घातल्या. आणि गोदी कामगारांनी त्या बोटीवर माल चढवायला नकार दिला. फिलाडेल्फियाच्या गोदीत काळ्या कामगारांची संख्या मोठी. त्यांनी खुलना पाहिलं नव्हतं. नमोशूद्र हा शब्द ऐकला नव्हता. पण मानेवर पाय म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते १९७१ मधली सगळ्यात मोठी मदत ही. तिला तिकीट लागलं नाही, समारंभ लागला नाही. पोतं खाली ठेवलं, बस्स.

गोदीतल्या माणसाला पोत्यात काय आहे ते कोणी सांगत नाही. कागदावर ‘जनरल कार्गो’ असतं. आमच्या मुंबईच्या गोदीनं याची किंमत मोजलीय. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाची बोट लागलेली. इंग्लंडच्या लढाईचा माल. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्याच बोटीत कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी! दुपारी धूर निघाला, चारनंतर दोन धडाके झाले. गोदी उडाली, मांडवीपर्यंत वस्त्या जळाल्या. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. म्हणून देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. आपली जयंती आणि त्यांचा दिन एकाच दिवशी. सोन्याच्या प्रत्येक विटेला नंबर होता. मेलेल्या माणसांचा आकडा कोणी ८०० सांगतं, कोणी १३००. हिशोब कशाचा ठेवतात ते कळलं?

आणि ती लढाई कोणाच्या पैशानं चालली? या देशानं लढणाऱ्या देशाला दिलेली सगळ्यात मोठी मदत तीच, पण मनगट पिरगाळून घेतलेली. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड भारताचं १३०० दशलक्ष पौंडांच्या वर देणं लागत होतं. त्याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये तीसएक लाख माणसं भुकेनं मेली. आणि इथं? इथं तुमचे आजे-पणजे सावकाराच्या आणि जमीनदाराच्या दारात वेठबिगार होते. २३ मे १९४५ ला याच तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. वेठ बंद, असं ठरलं. मग गवत कापायची मजुरी मागितली, ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. जगाला स्वातंत्र्य मिळावं म्हणून लढणाऱ्या सरकारला अडीच रुपये जड झाले. तुम्ही दरवर्षी त्यांना लाल सलाम करता. मीही करतो.

आणि म्हणूनच तुमच्या गावात उभं राहून एक कडू गोष्ट बोलणार आहे. गोड बोलायला मी पुढारी नाही.

फाळणीनंतर आलेल्या नमोशूद्र निर्वासितांना सरकारनं दंडकारण्यात नेऊन टाकलं. आपल्या गडचिरोलीत, मुलचेरा-चामोर्शीकडं, त्यांची गावं आजही आहेत. वरच्या जातींचे निर्वासित कलकत्त्यात कॉलन्या उठवून बसले. खालच्यांना जंगल. १९७८ मध्ये त्यांच्यातले हजारो बंगालकडं परत फिरले आणि सुंदरबनात मरीचझापी बेटावर बसले. कोणाकडे काही न मागता शाळा बांधली, दवाखाना बांधला, मासेमारी सुरू केली. १९७९ च्या जानेवारीत सरकारनं बेटाला वेढा घातला. धान्य अडवलं, पाणी अडवलं. ३१ जानेवारीला गोळीबार. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामं केलं. किती मेले यावर आजही भांडण आहे. ते सरकार लाल बावट्याचं होतं.

मला माहीत आहे, इथं समोर बसलेल्यांच्या घरावर तोच बावटा आहे आणि तो तुमच्या बापजाद्यांनी रक्तात भिजवून लावलाय. तो उतरवा असं मी म्हणत नाही. जेठ्या गांगडचं नाव घेणाऱ्याला मरीचझापीचं नाव घेताना अडखळता येणार नाही, एवढंच म्हणतो. १९७१ मध्ये परक्या देशाशी लढाई होती, निर्वासिताला तंबू मिळाला. १९७९ मध्ये लढाई नव्हती, तेव्हा त्याची फक्त जात उरली होती. मदतीची खरी परीक्षा कॅमेरे निघून गेल्यावर होते.

आता आजचं. २२ ऑक्टोबर २०२३ ला भारतानं पॅलेस्टिनी लोकांसाठी विमान पाठवलं. साडेसहा टन औषधं, ३२ टन इतर सामान. इजिप्तच्या एल अरीश विमानतळावर उतरवलं. चांगलं केलं. मनापासून सांगतो, चांगलं केलं. ते भरणाऱ्या हातांना सलाम. पण दुसरा हात? भारतात बनलेला शस्त्रांचा माल इस्रायलला जातो अशा बातम्या येत राहिल्या. तो थांबवा म्हणून काही नागरिक सुप्रीम कोर्टात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टानं याचिका फेटाळली, हे सरकारच्या धोरणाचं काम आहे म्हणून. १९७१ मधली अमेरिका आठवते ना? मलम आणि रॉकेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या बंदर कामगारांच्या फेडरेशननं जाहीर केलं, इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. वाचलं तेव्हा मला फिलाडेल्फिया आठवलं. पण एक सांगतो, नकार द्यायला पर्मनंट नोकरी लागते, मागं युनियन लागते. माझ्यासारख्या कंत्राटी पोराला मुकादम म्हणतो, ‘नाय उचलणार? दुसरा उभा हाय.’ आणि दुसरा उभा असतो. त्याच्याही घरी चूल आहे. म्हणून कंत्राटी पद्धत फक्त पगाराचा प्रश्न नाही. ती माणसाचा ‘नाही’ म्हणायचा हक्क खाते.

हे तुम्हाला का सांगतो? तुमच्याच डहाणूत वाढवण बंदर येतंय. ७६ हजार कोटींचं. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये पायाभरणी केली. मच्छीमार वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत, त्यांच्या बाजूनं मी आहे. पण बंदर झालंच तर उद्या तुमच्यापैकी कित्येक पोरं त्या धक्क्यावर उभी असतील. जगातल्या लढायांचं पीठ तुमच्या हातातून जाईल आणि काडतूसही जाईल. कागदावर ‘जनरल कार्गो’ असेल.

तेव्हा चार प्रश्न सोबत ठेवा. देशाच्या मदतीचं नाव निघालं की विचारा. पैसा कोणाकडून घेतला, पाकीट चिकटवणाऱ्याकडून की गिरणीमालकाकडून? मदत कोणाला मिळाली, त्याचं नाव आणि त्याची जात आम्हाला सांगा. त्याच सरकारच्या दुसऱ्या हातात काय आहे? आणि लढाई थांबल्यावर त्या माणसाचं काय केलंत?

नाक्यावरच्या भावाला माझं शेवटचं उत्तर. भावा, तुझं पोर उपाशी आहे ते बांगलादेशामुळे नाही, गाझामुळे नाही. त्यांना नाही दिलं तर तुला मिळेल असं कोणी लिहून दिलंय? वावर-वांगणीत मुलं मेली तेव्हा सरकार कोणत्या लढाईला पैसा पाठवत होतं? दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी हातोडा आपटून आपटून कामाचा हक्क मिळवला. १९७२ मध्ये योजना आली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळातली भीक कायद्यात हक्क झाली. तसंच मागायचं. आपल्यासाठी हक्कानं आणि त्यांच्यासाठीही हक्कानं. दान कोणालाच नको. दान देणाऱ्याचा हात वर राहतो, घेणाऱ्याचा खाली. आपल्याला हात बरोबरीला पाहिजेत.

आणि धक्क्यावर गेलात तर खोकं उचलण्याआधी विचारा, आत काय आहे. औषध असेल तर ओव्हरटाइम न मागता उचला. काडतूस असेल तर खाली ठेवा. एकट्यानं ठेवलं तर नोकरी जाईल. सगळ्यांनी ठेवलं तर बोट थांबेल. म्हणून आधी सगळे व्हा.

जय भीम. जोहार.